ध्रुपद कोण धरणार? : मराठी ख्रिस्ती भजनाच्या इतिहासातील एक प्रश्न

वडगाव मावळात राहून तुकारामांचे अभंग शिकवणाऱ्या अध्यापकाला एक सोय आपोआप लाभते. भंडाऱ्याचा डोंगर याच तालुक्यात आहे आणि सुदुंबरेही. सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकारामांच्या कीर्तनात मागे उभे राहणारे चौदा टाळकरी होते असे परंपरा सांगते. त्यांतले एक संताजी, जातीने तेली. गंगाराम मवाळ आणि संताजी हे दोघे तुकारामांच्या मागे ध्रुपद धरीत, असे वर्णन महिपतींच्या चरित्रपरंपरेत येते. ध्रुपद धरणे म्हणजे बुवांनी चरण म्हटला की पालुपद उचलून धरणे, बुवा श्वास घेतील तेवढा वेळ सूर पडू न देणे. हिंदुस्थानी संगीतातल्या ध्रुपद गायकीशी या शब्दाची गल्लत करू नये.

याच संताजींच्या नावावर अभंगांच्या वह्या आहेत. वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे तुकारामांच्या गाथेची एक प्रत १९१९ आणि १९२० साली दोन भागांत छापली. मागे उभा राहून गाणारा माणूसच संहितेचा राखणदार झाला, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. वाङ्मयेतिहासात आपण पुढे उभ्या असलेल्या कवीची नोंद करतो. मागच्या चौदांची नोंद बहुधा ‘इत्यादी’ या शब्दात संपते.

हा प्रश्न तुकारामांपुरता नाही. मराठीत ज्या ज्या समाजाने सामूहिक उपासनेसाठी गाणे रचले, त्या प्रत्येकापुढे तो उभा राहिला. या लेखात त्याचा विचार मराठी ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात करावयाचा आहे. निमित्त अगदी साधे आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून नाताळच्या उपासनेला आमच्या भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये जाण्याचा योग आला. पुढे तरुण मुले गिटार आणि कीबोर्ड घेऊन उभी होती. गाणी नवी होती, मुलांची तयारीही चांगली होती. पण जमलेली मंडळी बहुतांशी ऐकत होती. शेवटी एका वयस्क बाईंनी, कोणी न सांगता, एक जुने भजन उचलले. पुढच्या मुलांना ते पुरते येत नव्हते. तरी दुसऱ्या आवर्तनापासून सगळे चर्च गाऊ लागले, कारण पालुपद सर्वांना ठाऊक होते. त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आणि आनंद मी विसरलेलो नाही. ‘आम्ही महिनाभर तालीम केली, आणि लोक गायले ते न बसवलेले गाणे,’ असे माझा विद्यार्थी नंतर म्हणाला. त्याच्या त्या वाक्याचे उत्तर शोधताना हा लेख झाला.

*

मावळात ख्रिस्ती उपासनेचे सूर आले ते मुख्यतः आगगाडीबरोबर. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, लोणावळ्याला रेल्वेची वसाहत उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकातच तेथे प्रोटेस्टंट व कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनास्थळे झाली. या वसाहतीतल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींचे गाणे इंग्रजी होते. मराठी ख्रिस्ती गाण्याचा उगम मात्र या घाटात नाही. त्यासाठी एकीकडे गोव्याला आणि दुसरीकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जावे लागते.

गोव्याची कथा आधीची. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला भाषेसाठी परिचित असतो. पण स्टीफन्सने ओवी का निवडली याचे उत्तर केवळ काव्यशास्त्रात नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानांत पुराण ऐकण्याची सवय होती. एकाने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, ही बैठक तयारच होती. ‘ख्रिस्तपुराण’ चर्चमधून रविवारी आणि सणावारी वाचले जाई ते या बैठकीच्या बळावर.

गोव्यानेच दुसरीही एक रीत घडवली आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे चर्चला जोडलेल्या शाळा सुरू झाल्या. या शाळांतून ‘मेस्त’ म्हणजे संगीतमास्तर गावच्या मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि पुढे व्हायोलिन वाजवायला शिकवीत असे. चर्चचे गायकवृंद त्यानेच उभे करायचे, सणाला त्यानेच ते चालवायचे. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना मेस्ताच्या हाताखाली येई. आवाज फुटला की वाद्याकडे वळे. आजच्या भाषेत सांगायचे तर ही भरती, शिक्षण आणि प्रयोग यांची एकसंध साखळी होती. विसाव्या शतकात मुंबईच्या हॉटेलांतले वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे ताफे गोमंतकीय वादकांनी भरून गेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावे सर्वांना माहीत आहेत. त्यामागे कोणा एका प्रतिभावंताचा चमत्कार नव्हता. खेडोपाडी मुलांना सा-रे-ग-म ऐवजी दो-रे-मी घोकायला लावणाऱ्या मेस्तांच्या पिढ्या होत्या. मेस्ताने काय रचले हे कोणी विचारीत नाही. त्याने काय उभे केले ते मात्र अजून ऐकू येते.

*

आता देशावर येऊ. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले, १८३१ साली त्याचे ठाणे नगरला पडले आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागले. आरंभीच्या उपासनेत गायली जाणारी गीते बहुधा इंग्रजी हिम्सची भाषांतरे होती आणि चालीही त्याच होत्या. येथे छंदाचा जो पेच पडला तो विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. इंग्रजी गीताचे वजन आघातावर उभे असते. चालीतली जोरकस मात्रा ठरावीक अक्षरावरच पडते. मराठीत शब्दावरचा आघात तितका निर्णायक नसतो. येथे वजन ऱ्हस्व-दीर्घाचे, लघु-गुरूचे असते. त्यामुळे इंग्रजी चालीत बसवलेल्या मराठी ओळीत ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर चेपले जाते आणि शब्द मधेच तुटतो. लिहिताना निर्दोष असलेली ओळ गाताना परकी वाटू लागते.

याउलट अभंग पाहा. थोरल्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. धाकट्याचे दोन चरण आठ-आठ अक्षरांचे. येथे मोजणी अक्षरांची आहे, लघु-गुरूचे बंधन नाही. चाल अक्षराला हवे तेवढे लांबवते आणि कानाला ते खटकत नाही. शिवाय गाण्याची रचनाच अशी असते की प्रत्येक चरणानंतर मंडळी पालुपदावर परत येतात. म्हणजे दहा कडव्यांचे भजन गाण्यासाठी समूहाला एकच ओळ पाठ असावी लागते. हिम् गाण्यासाठी प्रत्येकाच्या हातात पुस्तक हवे आणि पुस्तक वाचण्यासाठी अक्षरओळख हवी. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते; पिढ्यान्पिढ्या अक्षर त्यांच्यापासून दूर ठेवले गेले होते. त्यांना देवाचे गाणे द्यायचे तर ते पुस्तकाशिवाय गाता यावे, ही गरज होती.

१८६० च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला. त्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. पूर्वरंग-उत्तररंगाचा नारदीय साचा तोच, साथीला झांज आणि तबला, मागे साथीदार, आणि आख्यान मात्र बायबलमधले. सांगळ्यांनी कीर्तनाबरोबर पदेही रचली आणि ती पिढ्यान्पिढ्या गायली गेली. मिशनरी मंडळी एतद्देशीय संगीताच्या सरसकट विरोधात होती असे एक सुलभ चित्र आपण रंगवतो. नगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी अनेकांनी या कीर्तनांना उत्तेजन दिले, हे त्या चित्रात बसत नाही, म्हणून ते मुद्दाम नोंदवतो.

*

या भूमीवर नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. क्रमिक पुस्तकांतून आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून एक विलक्षण, हट्टी, दानशूर आणि संसाराला अशक्य असा नवरा म्हणूनही ओळखतो. पण मराठी ख्रिस्ती माणूस त्यांना ओळखतो तो रविवारच्या गाण्यांतून. ‘उपासना संगीत’ या प्रोटेस्टंट गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गीते आली. संग्रहाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या कवीचा, असे उदाहरण कोणत्याही भाषेत विरळाच. त्यांची भजने निकोल मॅकनिकल यांच्या भाषांतरातून इंग्रजी गीतसंग्रहांतही गेली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

टिळकांची भक्तिगीते कागदावर वाचली तर कधी कधी पुनरुक्त वाटतात. तीच गोष्ट पुन्हा, किंचित वळवून सांगितल्यासारखी. माझ्या मते हा दोष वाचण्याच्या रीतीचा आहे. ही रचना दोन आवाजांसाठी आहे. चरण एकाचा, पालुपद सर्वांचे. चरण थोडे पुढे जातो, समूह त्याला परत घरी आणतो. मागचा आवाज काढून टाकला की उरते ती अर्धी कविता, आणि तिच्यावरच आपण परीक्षेत प्रश्न विचारतो.

टिळकांना हा मागचा आवाज किती महत्त्वाचा वाटत होता ते त्यांच्या अखेरच्या वर्षांत दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी चाकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सर्वांना येता येईल असा ख्रिस्तभक्तांचा एक मेळा त्यांच्या मनात होता. पण दोन वर्षांतच ते गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

आणि १९१७ सालीच आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. जोग महाराजही फार जगले नाहीत, १९२० साली ते गेले. पण त्यांची संस्था शंभर वर्षे उलटून गेली तरी चालू आहे आणि महाराष्ट्रभर कीर्तनकार, प्रवचनकार पुरवते आहे. ही तुलना टिळकांना कमी लेखण्यासाठी केलेली नाही. एकाच वर्षी, एकाच परंपरेचे ऋण मानणाऱ्या दोघांनी दोन गोष्टी सुरू केल्या. एकाने दरबार भरवला, दुसऱ्याने शाळा काढली. दरबार राजावर अवलंबून असतो. शाळेत मास्तर बदलला तरी चालतो.

*

वारकरी दिंडी हा या दृष्टीने अभ्यासाचा विषय आहे. दिंडीत वीणेकरी मध्ये असतो, मृदंगी असतो, टाळकरी रांगांनी उभे असतात आणि चोपदार शिस्त राखतो. वीणेकरी हा सर्वांत गोड गळ्याचा असतोच असे नाही; पट्टी आणि क्रम सांभाळणे हे त्याचे काम. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याची भजनी मालिका ठरलेली असते. भूपाळ्या केव्हा, गौळणी केव्हा, हे नव्याने आलेल्या माणसाला विचारावे लागत नाही, तो इतरांबरोबर चालता चालता शिकतो. चर्चच्या उपासनाक्रमाशी याचे साम्य लक्षात यावे. दोन्हीकडे गाणे कार्यक्रम म्हणून नाही तर क्रमाचा भाग म्हणून येते. नवा टाळकरी मागच्या रांगेत उभा राहतो, आधी टाळ सांभाळतो, मग पालुपद, मग एखादे वर्षी कोणी तरी म्हणते, ‘आता तू उचल.’ नेता घडण्याची ही रीत संथ आहे, पण मधे तुटत नाही.

कॅथलिक परंपरेतही हीच जाणीव उशिरा का होईना अधिकृत झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात लोकभाषेला वाट दिली, त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असे सांगितले आणि त्याच वेळी गायकवृंद जोपासावेत, पण मंडळींचा सहभाग हिरावला जाऊ नये, असेही बजावले. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात त्यानंतर मराठी उपासनागीतांना बहर आला. प्रोटेस्टंट बाजूला टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाने, आणि पुढे पुण्याच्या आश्रमाने, भारतीय पद्धतीच्या उपासनेचा धागा पकडून ठेवला.

येथवर सर्व सुरळीत वाटते: भजन आपले, हिम् परके, म्हणून भजन स्वीकारावे. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. टिळक जन्माने चित्पावन ब्राह्मण होते. कीर्तन, अभंग, संस्कृत काव्य हा त्यांचा वारसा होता आणि तो सोडून जाण्याचे दुःख त्यांना होते. ज्याच्या वाट्याला या परंपरेतून केवळ वेशीबाहेरची जागा आली, त्याला ‘आपले संगीत’ या शब्दांनी काय आठवत असेल? मांगाच्या हातातली हलगी हे वाद्य होते, तशी ती जातीची खूणही होती. लग्नात, मिरवणुकीत ती वाजवण्याची सक्ती होती. ख्रिस्ती होणे म्हणजे अनेकांसाठी ती गळ्यातून उतरवणे होते. अशा माणसाला ऑर्गनचा सूर आणि चार आवाजांतले इंग्रजी गाणे परके न वाटता मोकळे वाटले असेल, तर त्याला आपण ‘पाश्चात्त्य अनुकरण’ म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोणते वाद्य देशी, हा प्रश्न विचारण्याआधी ते वाद्य कोणाच्या गळ्यात कोणी अडकवले होते, हे विचारावे लागते.

आणि वाद्यांचे देशीपण तरी कितीसे स्थिर असते? आज ज्या पेटीशिवाय गावचे भजन सुरू होत नाही, ती हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली. हाताने भाता हलवायची, जमिनीवर बसून वाजवायची भारतीय पेटी कलकत्त्याच्या कारागिरांनी नंतर घडवली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला परकी म्हणून बाहेर काढले आणि पुढे तीस वर्षे आत येऊ दिले नाही. गावच्या भजनी मंडळाने मात्र तिला कधीच विचारले नाही की तू कुठली. तेव्हा नाताळच्या त्या मुलांच्या हातांत गिटार होती म्हणून लोक गायले नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. पन्नास वर्षांनी गिटारही पेटीसारखीच आपली झालेली असेल.

*

मग उत्तर काय? माझ्या विद्यार्थ्याने महिनाभर तालीम घेतली ती पुढच्या सहा जणांची. मागे बसलेल्या साठ जणांची तालीम कोणी घेतली नव्हती, आणि त्या बाईंनी उचललेल्या भजनाची तालीम मात्र साठ वर्षे चाललेली होती. उपासनेचे गायकवृंद बांधणाऱ्यासमोर दोन कामे असतात. एक, चांगले गाणाऱ्यांना एकत्र आणणे. हे तुलनेने सोपे आहे. दुसरे, न गाणाऱ्यांच्या तोंडी एक ओळ देणे आणि ती त्यांच्याकडून धरली जाईपर्यंत तेच तेच गाणे नेटाने चालवत राहणे. मेस्ताने पहिले काम शाळेवर सोपवून दुसऱ्याला वेळ मिळवला. दिंडीने दुसऱ्या कामातूनच पहिले साधले. टिळकांनी त्या दुसऱ्या कामासाठी लागणारी गीते विपुल दिली. ती धरणारी माणसे घडवायला त्यांना आयुष्य पुरले नाही. पण खेड्यापाड्यांतल्या अनाम भजनी मंडळ्यांनी, पेटीवाल्यांनी, रविवारच्या शाळेच्या बाईंनी ते काम पुढे नेले, म्हणूनच ती गीते आज ऐकू येतात. त्यांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाहीत. ‘ज्ञानोदया’च्या जुन्या फायली, चर्चची दप्तरे आणि घरोघरी उरलेल्या, कडा झिजलेल्या, समासात पेन्सिलीने चाल लिहिलेल्या गीतपुस्तिका यांत त्यांचा शोध घेता येईल. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.

मी स्वतः एवढेच करू लागलो आहे. टिळकांचा अभंग वर्गात घ्यायचा असला की फळ्यावर पालुपद लिहितो, वर्गाचे दोन भाग करतो आणि चरण मोठ्याने वाचताना दर वेळी अर्ध्या वर्गाला ते पालुपद म्हणायला लावतो. पहिल्यांदा मुले हसतात. दुसऱ्यांदा पुटपुटतात. तिसऱ्या-चौथ्या चरणाला माझा आवाज जरा खाली गेला तरी ओळ पडत नाही, असे ध्यानात येते. मग मी पुस्तक एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात देतो आणि मागच्या बाकावर जाऊन बसतो.